नवीन कॉम्प्युटरला केबल नेट लागत नाहीये? आधी मोडेमला जुना विसरायला लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे की जुना पीसी बाजूला ठेवला, नवा आणला, केबल मोडेममधून येणारी वायर जुन्यातून काढून नव्यात खोचली, पोर्टवरचा हिरवा दिवा मस्त लुकलुकतोय पण ब्राउझरमध्ये एक पान उघडत नाही, आणि तीच वायर परत जुन्याला लावली की नेट चालू. कस्टमर केअरवाले म्हणतात आमच्याकडून लाइन ओके, पीसी विकणारा म्हणतो मशीन ओके, आणि आता तुम्ही विंडोज परत टाकायच्या तयारीत आहात.

थांबा, विंडोजला हात लावू नका. दोघंही खरं बोलतायत. लाइन पण ठीक आणि मशीन पण ठीक, घोडं पेंड खातंय ते मधल्या डब्यात. वीसेक वर्षं हेच काम करतोय, लोकांच्या टेबलाखाली वाकून वायरी ओढायचं, आणि "जुन्यावर चालतं, नव्यावर नाही" हे वाक्य कानावर आलं की मी कीबोर्डला हात लावायच्या आधी मोडेमचा प्लग शोधतो.

कारण असं. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर मिळालेला असतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात (अ‍ॅपलच्या मॅकशी याचा काडीचा संबंध नाही, तरी हे मला दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच). बारा अक्षरी असतो, ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, पहिली सहा कार्ड बनवणाऱ्या कंपनीची आणि उरलेली सहा त्या कार्डाची स्वतःची. आता केबल मोडेम चालू होतो तेव्हा तो कंपनीच्या सर्व्हरवरून एक छोटी कॉन्फिग फाइल उतरवून घेतो, त्यात तुमचा स्पीड किती ते असतं आणि मोडेमच्या मागे एकूण किती मशीन चालू द्यायच्या तेही असतं. घरगुती कनेक्शनला हा आकडा बऱ्याचदा एकच. मग मोडेम काय करतो, चालू झाल्यावर लॅनच्या, म्हणजे पीसीकडच्या, बाजूने पहिला जो मॅक दिसेल तो डोक्यात पक्का करतो, आणि नंतर दुसरं कुणी आलं की जागा भरली म्हणून त्याच्याकडे बघतही नाही. तुम्ही वायर नव्यात घातलीत तरी मोडेमच्या लेखी अजून जुनाच पीसी तिथे राहतोय. नवा बिचारा आयपी (नेटवरचा आकडी पत्ता) द्या आयपी द्या म्हणून ओरडतोय आणि पलीकडून उत्तर नाही.

बरं, पोर्टवरचा दिवा का पेटतो मग? तो दिवा फक्त एवढंच सांगतो की वायरीच्या दोन्ही टोकांना करंट असलेलं काहीतरी आहे. नेट आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नका. नवा पीसी पूर्ण शटडाउन करा, स्लीप नाही. मोडेमचा प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण दाबून नाही, प्लगच काढा. लॅनची वायर आत्ताच नव्या पीसीत घालून ठेवा आणि जुन्यात काहीही राहू देऊ नका. एक मिनिट जाऊ द्या. मग मोडेमचा प्लग लावा आणि दिवे स्थिर होईपर्यंत काहीही करू नका, साधारण दोन ते पाच मिनिटं लागतात, कधी दहा पण. सगळे दिवे शांत झाले की मग पीसी चालू करा. मोडेमची पाटी आता कोरी आहे, पहिला मॅक त्याला नव्या पीसीचाच दिसेल आणि तोच तो धरेल. लोक इथे घाई करतात, मोडेम अजून उठतोय तोवर पीसी चालू, परत बंद, परत वायर काढ, आणि मग म्हणतात करून बघितलं, नाही झालं.

दोन सापळे आहेत. एक म्हणजे बॅटरी. ज्या मोडेमला फोन पण जोडता येतो त्यातल्या काहींच्या पोटात बॅटरी असते, वीज गेली तरी फोन चालावा म्हणून. एकदा एका घरी मी तीन वेळा प्लग काढला घातला, तीन वेळा काही नाही, पीसीचा ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला, वायर बदलली, शेवटी हात टेकले आणि डोकं धरून बसलो असताना बघतो तर प्लग माझ्या हातात आणि मोडेमचे दिवे आपले चालूच! खालचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, एक मिनिट थांबलो, परत लावली आणि काम झालं. पाऊण तास गेला माझा. तेव्हापासून प्लग काढला की दिवे खरंच विझले का ते आधी बघतो, तुम्ही पण बघा.

दुसरा सापळा रीसेटचं भोक. रीस्टार्ट आणि रीसेट एक नाही. मागे पिनेने दाबायचं जे बारीक भोक असतं ते दाबून धरलं की मोडेम फॅक्टरी सेटिंगला जातो, आणि मोडेम-राउटर एकाच डब्यात असेल तर वायफायचं नाव, पासवर्ड, जे काही कुणी सेट करून दिलं होतं ते सगळं साफ. मग पीसीचं राहिलं बाजूला, घरातले सगळे फोन आणि टीव्ही परत जोडत बसा.

आता दिव्यांकडे या, कारण केबल मोडेमचे दिवे वाचता आले की निम्मं निदान तिथेच होतं. चालू केल्यावर पॉवर लगेच लागतो. त्यानंतर रिसीव्ह किंवा डीएस (डाउनस्ट्रीम, येणारी बाजू) लिहिलेला लुकलुकतो, म्हणजे मोडेम केबलवर कंपनीचा चॅनेल शोधतोय, सापडला की स्थिर. मग सेंड किंवा यूएस (अपस्ट्रीम, जाणारी बाजू) लुकलुकतो, आता मोडेम उलट दिशेने कंपनीला हाक मारतोय, आवाज कमी पडला तर वाढवत वाढवत, उत्तर आलं की स्थिर. शेवटी ऑनलाइन, म्हणजे ती कॉन्फिग फाइल आली आणि कंपनीने त्याला आत घेतलं. कुठल्या दिव्यावर गाडी अडते ते बघा. ऑनलाइन स्थिर नसेल तर पीसीशी खेळण्यात काहीच अर्थ नाही, अजून तुमच्या घरातच नेट आलेलं नाही. आणि ऑनलाइन स्थिर असेल तर केबलशी खेळण्यात अर्थ नाही. हे एवढं जरी आधी बघितलं तरी अर्धे फोन वाचतात.

एक गंमत, काही जुन्या मोडेमवर वरच्या बाजूला स्टँडबाय नावाचं बटण असायचं. ते दाबलं की मोडेम कंपनीशी जोडलेलाच राहतो पण पीसीकडे जाणारी बाजू बंद. टेबल पुसताना दाबलं जातं, लहान मुलं दाबतात, आणि मग कस्टमर केअरला मोडेम ऑनलाइन दिसतो आणि तुमच्याकडे शून्य. स्टँडबायचा दिवा लागलेला असेल तर परत एकदा दाबा, संपला विषय.

डीएसवरच अडलं तर भिंतीपासून सुरुवात करा. भिंतीतून येते ती जाड गोल केबल, कोअ‍ॅक्स, तिच्या टोकाला आटे असलेलं एफ कनेक्टर. मधली तांब्याची तार सरळ आहे का बघा, कनेक्टरच्या कडेच्या थोडी बाहेर आलेली हवी, वाकली असेल किंवा आत राहिली असेल तर सिग्नल कसा जाणार. बाहेरच्या जाळीचा एखादा केस त्या मधल्या तारेला चिकटलेला असेल तर तिथल्या तिथे शॉर्ट. आटे हाताने पूर्ण बसवा आणि मग पान्याने अगदी जरासं. जोर लावला तर मोडेमच्या आतला भाग फिरतो आणि मग मोडेमच गेला. नवा पीसी लावताना टेबल सरकवलं जातं, केबल ओढली जाते, त्यामुळे काल चालणारं आज सैल झालेलं असणं हे नेहमीचंच आहे.

स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन-चार करणारा छोटा डबा, असेल तर तोही तपासा. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साधारण साडेतीन डीबी (सिग्नलची ताकद मोजायचं माप) खातो, चार तोंडांचा सातेक. म्हणजे दोन तोंडांच्यातसुद्धा सिग्नल अर्ध्याहून खाली. मोडेमसाठी भिंतीतून आलेली लाइन सगळ्यात आधी दोनमध्ये फोडा, एक मोडेमला आणि दुसरी टीव्हीच्या पुढच्या स्प्लिटरला. आणि स्प्लिटरवर काय छापलंय ते वाचा, ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं हवं. डिशसाठीचा स्प्लिटर ९५० पासून पुढे असतो, दिसायला अगदी सारखा, आटे पण तेच, पण केबल नेट त्यातून जात नाही. टीव्हीचा जुना बूस्टर मध्ये असेल तर अजून मजा, कारण तो फक्त येणारा सिग्नल वाढवतो, परत जाणारी वाट त्यात नसतेच. तेव्हा डीएस लगेच स्थिर होतो आणि यूएस तासभर लुकलुकत बसतो. असा नमुना दिसला की मी विचारतो, मध्ये काही बूस्टर आहे का, आणि टीव्हीच्या मागून तो धुळीने माखलेला डबा निघतो.

आकडे बघायचे असतील तर बहुतेक केबल मोडेमचं स्वतःचं एक पान असतं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका (आकडे अर्थातच इंग्रजीत). तिथे डाउनस्ट्रीम पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या मध्ये असेल तर छान, नियमाप्रमाणे उणे १५ ते अधिक १५ पर्यंत चालतं पण कडेला गेलं की रडतखडत चालतं. एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वरचढ, तो ३३ च्या वर हवा. आणि अपस्ट्रीम पॉवर ५० च्या आसपास किंवा वर दिसली तर समजा मोडेम घसा फाडून ओरडतोय, मध्ये कुठेतरी सैल कनेक्टर किंवा जादाचा स्प्लिटर आहे. काही कंपन्या हे पान बंद करून ठेवतात, तसं असेल तर सोडून द्या.

आता लॅनच्या वायरीबद्दल. आत आठ तारा, चार जोड्या. शंभर एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून शंभरला न लागणाऱ्या दोन जोड्यांतली एखादी तार आत तुटलेली असली तर सहसा नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरावर उतरतं. नवा महागडा पीसी, मोठा प्लॅन, आणि स्पीड टेस्ट कितीही वेळा केली तरी ९४-९५ च्या पुढे जात नाही, हे दिसलं की कंपनीशी भांडायच्या आधी विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट इथे जाऊन लिंक स्पीड बघा. १००/१०० लिहिलं असेल तर वायर बदला, कॅट ५ई लिहिलेली साधी वायरसुद्धा गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, सोनेरी टोकांची फॅन्सी काही लागत नाही. क्लिप तुटलेली वायर मात्र फेकून द्या, "आत्ता तर चालतेय" म्हणून ठेवतात आणि मग दर दोन दिवसांनी नेट जातंय म्हणून फोन. आणि जुन्या मोडेमला यूएसबी पोर्टही असतो, पीसीला पण यूएसबी, म्हणून कुणी तिथून जोडतं. नका करू. त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो, नव्या विंडोजला तो मिळेलच असं नाही, आणि त्यात मिळवायचं काहीच नाही.

मोडेमच जुना असेल तर तो पण नव्या पीसीचा स्पीड अडवतो हे लक्षात ठेवा. केबल मोडेमचं सगळं काम डॉक्सिस नावाच्या नियमावर चालतं, पहिली आवृत्ती १९९७ची. २.० वाला मोडेम एकाच चॅनेलवर खाली उतरवतो, त्यामुळे ४०-५० एमबीपीएसच्या आसपास त्याचं छत लागतं. ३.० मध्ये, म्हणजे २००६ पासून, अनेक चॅनेल एकत्र बांधता येतात, आणि ३.१ आलं २०१३ मध्ये. मोडेमच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर मग पीसीकडे वळू. नव्या मशीनची एक खास डोकेदुखी म्हणजे नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरच नसणं. दुकानातून विंडोज टाकून आलेल्या मशीनला सहसा होत नाही, पण स्वतः पार्ट आणून जोडलेल्या आणि पेनड्राइव्हवरून विंडोज टाकलेल्या मशीनला हमखास, कारण मदरबोर्डवरची नेटवर्क चिप विंडोजच्या त्या प्रतीपेक्षा नवीन. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सखाली इथरनेटवालं काही दिसत नाही आणि अदर डिव्हाइसेसखाली इथरनेट कंट्रोलर पिवळ्या खुणेसकट बसलंय, तर हेच. ड्रायव्हर नेटवर आहे आणि नेट ड्रायव्हरशिवाय नाही. त्यात विंडोज ११ चं सेटअप नेटशिवाय पुढे सरकायला कुरकुर करतं. यातून सुटायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फोन. अँड्रॉइड फोन यूएसबीच्या वायरीने पीसीला लावा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोज त्याला आपोआप नेटवर्क कार्ड समजतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. ड्रायव्हर उतरवा, टाका, फोन काढा. किंवा जुना पीसी अजून चालतोय ना, त्यावरून मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरचा लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. जुना पीसी विकायची घाई करू नका म्हणून मी सगळ्यांना सांगतो ते याचसाठी, नवा दोन दिवस नीट चालू दे, मग द्या कुणाला द्यायचा तो.

नवा म्हणजे लॅपटॉप असेल आणि त्याला लॅनचं भोकच नसेल, तर यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागेल. तो यूएसबी ३ वालाच घ्या आणि ३ च्याच पोर्टमध्ये लावा. यूएसबी २ ची मर्यादा कागदावर ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. अजून एक, अशा अ‍ॅडॅप्टरला स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस असतो, म्हणजे अ‍ॅडॅप्टर बदललात की मोडेमच्या नजरेत मशीनच बदललं, परत प्लग काढायचा कार्यक्रम.

ड्रायव्हर आहे, तरी नेट नाही. मग काळी खिडकी उघडा, स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून, आणि आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, ऑल असं इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर मारा. बरीच लांबण येईल, त्यात फक्त इथरनेट अ‍ॅडॅप्टरचा भाग वाचा. आयपीव्ही४ अ‍ॅड्रेसच्या पुढे १६९.२५४ ने सुरू होणारं काही असेल तर तो खरा पत्ता नाही, विंडोजने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, मग त्याने स्वतःच्या मनाने एक घेतला. म्हणजे मोडेमने याला अजून ओळखलेलं नाही, वर सांगितलेला प्लगचा उपाय परत नीट करा. मीडिया डिसकनेक्टेड लिहिलं असेल तर वायर किंवा पोर्ट. १९२.१६८ ने सुरू होणारा असेल तर मध्ये राउटर आहे आणि त्याने पत्ता दिलाय, म्हणजे पीसी ते राउटर ठीक, पुढचं बघा. दुसरंच काही असेल, गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) पण भरलेला असेल, तर तो बहुधा कंपनीकडून आलेला खरा पत्ता आहे आणि नेट चालायलाच हवं.

पत्ता परत मागायला त्याच खिडकीत आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज, मग आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू. रिन्यू बराच वेळ अडकून शेवटी डीएचसीपी सर्व्हरशी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्याशी, संपर्क झाला नाही असं म्हणाला, तरी निष्कर्ष तोच, पलीकडून उत्तर नाही.

कुणी मदत करायला म्हणून जुन्या पीसीवरचे आयपीचे आकडे नव्यावर हाताने भरून दिले असतील तर ते काढा. हे मी फार बघितलंय. केबल कनेक्शनला तुम्ही मुद्दाम स्टॅटिक, म्हणजे कायमचा ठरलेला, आयपी घेतलेला नसेल तर आयपी असाइनमेंट ऑटोमॅटिक म्हणजे डीएचसीपीच हवं, साइटच्या नावाचं आकड्यात रूपांतर करणारा डीएनएस पण ऑटोमॅटिक. हाताने भरलेला पत्ता आज चालला तरी कंपनीने तो उद्या दुसऱ्याला दिला की तुमचं बंद.

आयपी बरोबर आहे पण पानं उघडत नाहीत असं असेल तर पिंग, स्पेस, ८.८.८.८ करून बघा. रिप्लाय येतोय म्हणजे नेट आहे, फक्त डीएनएस गंडलाय, तिथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून बघा. आणि पानं उघडतात पण प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची भीती घालणारं लाल पान येतंय, तर खाली कोपऱ्यात तारीख बघा. नव्या मशीनचं घड्याळ एखाद्या जुन्या वर्षात अडकलेलं असेल तर ब्राउझरला सगळी सर्टिफिकेटं खोटी वाटतात. हसू नका, यासाठी मी एकदा बरंच लांब गेलोय.

युजरनेम-पासवर्डचं काय, असं पण विचारलंयत. खऱ्या केबल मोडेमला, म्हणजे ज्यात ती जाड कोअ‍ॅक्स येते, पीसीवर काहीही टाकावं लागत नाही, ओळख मोडेमच्याच मॅकवरून होते. पण केबलवाल्याने घरात थेट लॅनची वायर आणून सोडली असेल, मोडेम नावाचा डबाच नसेल, तर ते वेगळं प्रकरण, तिथे बऱ्याचदा पीपीपीओई, म्हणजे पीसीवरून लॉगिन करून नेट जोडायची पद्धत, असतं. मग सेटिंग्जमध्ये डायलअप, सेटअप अ न्यू कनेक्शन, ब्रॉडबँड पीपीपीओई असं जाऊन युजरनेम-पासवर्ड टाकायचा. जुन्या पीसीवर डेस्कटॉपवरच्या एखाद्या आयकॉनवर क्लिक करून कनेक्ट करायची सवय होती का आठवा, असेल तर हेच. पासवर्ड जुन्यावर सेव्ह असतो पण ठिपक्यात दिसतो, तेव्हा कंपनीला विचारून घ्या.

प्लग काढूनही नवा मॅक घेत नाहीये, सगळं तीनदा केलं, तर मग कंपनीने मॅक मोडेममध्ये नाही, आपल्या सर्व्हरवर बांधून ठेवलाय. काही कंपन्या अजून करतात. फोन करून "नेट चालत नाही" म्हणालात तर समोरचा तुम्हाला रीस्टार्ट, ब्राउझर, कॅश हे सगळं करायला लावणार. त्यापेक्षा सरळ सांगा, कॉम्प्युटर बदललाय, जुन्याचा मॅक काढून नवा लावा, आणि नवा मॅक आयपीकॉन्फिगच्या यादीत फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणून दिसतो तो वाचून दाखवा. मात्र ते मोडेमचा मॅक विचारत असतील तर तो मोडेमच्या तळाशी स्टिकरवर असतो, हे दोन वेगळे, यात गल्लत झाली की चुकीचा नंबर चढवतात आणि मग मोडेमच ऑफलाइन. फोन लागतच नसेल तर तात्पुरता जुगाड म्हणजे नव्या कार्डाला जुन्याचा मॅक द्यायचा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, नेटवर्क अ‍ॅड्रेस, तिथे बारा अक्षरं डॅश न घालता. सगळ्या कार्डांत ही सोय नसते. आणि मग जुना आणि नवा दोघं एकाच वेळी एकाच नेटवर्कवर आणू नका, एकाच नंबरची दोन मशीन एकमेकांच्या पायात पाय घालतात.

शेवटी माझं मत, विचारलं नाहीयेत तरी. पीसी थेट मोडेमला लावू नका, मध्ये एक राउटर टाका. एकतर हा सगळा मॅकचा घोळ कायमचा संपतो, मोडेमला फक्त राउटर दिसतो, मागे तुम्ही दहा पीसी बदला. आणि दुसरं म्हणजे थेट मोडेमला लावलेला पीसी बहुतेकदा उघड्यावर असतो, जगात कुणीही त्याचं दार ठोठावू शकतं. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस, आला होता तेव्हा नवीन एक्सपी टाकलेलं मशीन थेट केबलला लावलं की अपडेट उतरायच्या आत ६० सेकंदात बंद होतोय अशी खिडकी यायची. मी स्वतः एका संध्याकाळी एकच मशीन तीनदा फॉरमॅट केलं आणि तिन्ही वेळा तेच, मग डोक्यात प्रकाश पडला की आधी वायर काढायची. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू असते म्हणून आता तेवढं होत नाही, पण थेट जोडावंच लागलं तर नेटवर्क प्रोफाइल पब्लिक ठेवा, प्रायव्हेट नको.

राउटर टाकताना मोडेममध्येच राउटर आहे का ते मात्र बघा. मोडेमला स्वतःचं वायफाय असेल किंवा मागे चार लॅन पोर्ट असतील तर राउटर आधीच आहे, अजून एक लावलात तर दोन राउटर एकामागे एक होतात, साधं ब्राउझिंग चालतं पण गेम आणि कॅमेरे रडतात. तेव्हा एकतर दुसरा लावूच नका किंवा कंपनीला सांगून पहिला ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद आणि तो नुसता मोडेम. आणि राउटर पहिल्यांदा मोडेमला जोडाल तेव्हा परत तेच, मोडेमचा प्लग काढा, एक मिनिट थांबा, आधी मोडेम, दिवे स्थिर, मग राउटर, मग पीसी.